मालनचा हात

नंदू, ती बॅटरी बंद कर आधी. लाईट गेलेच आहेत, तर नीट अंधारात बसा. आणि शुभा, तुला आत जायचं तर आत्ताच जा, मधेच उठायचं नाही.

ही गोष्ट ऐकीव नाही. मी तेव्हा मुलुंडला डॉक्टर मृणालिनीबाई कर्णिकांकडे कंपाउंडर होतो. खाली दवाखाना, वर बाईंचं घर. बाई विधवा, आणि स्वयंपाकाला असलेली रुक्मिणी, तीही विधवा. ती खाली मागच्या खोलीत झोपायची, मी दवाखान्यात. अर्ध्या मुलुंडची पोरं बाईंच्या हातावर जन्मलेली. अशा बाईंना छपन्न साली उजव्या स्तनात गाठ निघाली, कॅन्सरची. परळला ऑपरेशन झालं, मग महिनाभर विजेचा शेक. जीव वाचला, पण उजवा हात काही खांद्याच्या वर जाईना.

त्याला व्यायाम एकच. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायची आणि थांबतील तिथे खूण करायची. बाई पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घालायच्या. इस्पितळात शेजारच्या खाटेवर माहुलची मालन कोळीण होती, तिचंही तेच ऑपरेशन. तिला लिहिता येत नव्हतं. ती ओल्या कुंकवाचं बोट भिंतीवर उमटवायची. नर्स ओरडायची आणि ही हसायची. दोघींनी एकमेकींना शब्द दिला होता. जिचा हात आधी डोक्यामागे पोचेल, तिनं येऊन दुसरीचा अंबाडा घालायचा.

घरी आल्यावर बाईंनी केसांना कुणाला हात लावू दिला नाही. रुक्मिणी तेलाची वाटी घेऊन मागे लागायची, बाई म्हणायच्या, "ठरलंय आमचं." मोकळ्या केसांनी पेशंटसमोर जायचं नाही, म्हणून दवाखाना बंद. पुढे पुढे रेघाही थांबल्या. खांद्याच्या उंचीवर एकाच जागी नऊ तारखा. बाई मनातून हरत चालल्या होत्या, आणि तो हात गेला की डॉक्टर संपली, हे मला दिसत होतं. फार वाईट वाटायचं.

तेरा फेब्रुवारी सत्तावन्न, बुधवार. सकाळी बाई म्हणाल्या, "शरच्चंद्र, माहुलला जाऊन ये रे. मालनचा हात कुठवर आला, विचार."

गेलो. कुर्ल्याला उतरलो, चेंबूर गाठलं, पुढे खाजणाच्या कडेनं चालत. मालनचा नवरा, धाकू, दारात जाळं शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"गेली ती," म्हणाला. "आठ दीस झाले."

येताना वाटभर ठरवत आलो, सांगायचं नाही. बाई हाय खातील. पण नुसतं गप्प बसलो असतो तर ठीक होतं. मी पडलो शहाणा. म्हटलं, "मालन ठणठणीत आहे, बाई. आपल्या हातानं अंबाडा घालते."

बाईंचा चेहरा असा उजळला, की मला माझंच कौतुक वाटलं.

"मग येईल ती," बाई म्हणाल्या. "शब्दाची पक्की आहे."



अमावस्या नव्हती, नंदू. तुम्हाला प्रत्येक वेळी अमावस्या लागते. त्याच बुधवारची रात्र ती, पौर्णिमेची आदली, लख्ख चांदणं. दवाखान्याच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. दाराला आतून कडी मीच घातलेली. वरून बाईंचा आवाज आला.

"हळू गं... ओढतेस किती."

रुक्मिणीनं शेवटी फणी घेतली वाटतं, असं म्हणून मी कूस बदलली. तर रुक्मिणी माझ्या उशाशी. चेहरा पांढराफटक.

"वर कोण आहे?" तिनं विचारलं.

मी जिना चढलो.  वर फणीचा आवाज... थांबे... परत सुरू होई.

दार अर्धं उघडं. बाई स्टुलावर. तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. दोन्ही हात मांडीवर. दोन्ही, शुभा. मी नीट पाहिले.

आणि केस... केस वर उचलले जात होते. पीळ पडत होता. एक वेढा... दुसरा...

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मालन..." माझ्या तोंडून निघून गेलं.

केस जागच्या जागी थांबले.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. हलकेच म्हणाल्या, "खाली जा, शरच्चंद्र. तिला संकोच वाटतोय."

मी खाली आलो. रुक्मिणी नि मी सकाळपर्यंत बाकावर बसलो. 

आठ वाजता बाई खाली आल्या. मानेवर घट्ट अंबाडा, कोळणी घालतात तसा. पाच महिन्यांनी त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली.

"कधी गेली?"

"आठ दिवस झाले, बाई. मी खोटं बोललो."

"खोटं कुठे?" त्या म्हणाल्या. "पोचला की तिचा हात." मग रडल्या. पहिली पेशंट येईपर्यंत रडल्या, आणि डोळे पुसून तिची नाडी धरली.

पुढे अकरा वर्षं त्यांनी दवाखाना चालवला. पण त्या सकाळी त्या पेशंट बघत असताना मी वर गेलो. भिंतीवर त्या नऊ तारखा होत्या. त्यांच्या हातभर वर, बाईंचं बोट पुढे जून महिन्यात पोचलं त्या उंचीवर, एक लाल ठिपका होता. मी बोट लावलं. ओला होता.

रुक्मिणीनं आणि मी सगळं घर धुंडाळलं. दोन विधवांचं घर ते. कुंकवाची डबी नव्हतीच तिथे.