दुपारी येणारी बाई

सयाजीगंजातल्या आमच्या रुग्णालयात, जळिताच्या वॉर्डात, आरसा नाही. बेसिनवर नाही, बाथरूममध्ये नाही. खिडक्यांच्या काचांनाही आतून दुधी कागद लावला आहे. भाजलेल्या माणसाला त्याचा चेहरा कधी दाखवायचा हे आम्ही ठरवतो. घाई झाली तर माणूस जेवण सोडतो, व्यायाम सोडतो. मी फिजिओथेरपिस्ट. भाजलेली कातडी बरी होताना आखडते, ती ताणून सांधे मोकळे ठेवायचे हे माझं काम.

मोहना शितोळे रावपुऱ्यातली, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. घरी गॅस पेटवताना भडका उडाला. चेहरा, मान, दोन्ही हात भाजले. मुलगी सानवी पहिलीत होती. मोहनाचं एकच विचारणं असायचं, "मला बघून ती पळून तर जाणार नाही ना, मालविकाताई?"

व्यायामाला तिने कधी नाही म्हटलं नाही. बोटं ताणताना डोळ्यांतून पाणी गळायचं, पण हात मागे घ्यायची नाही. एकदा मात्र मी डाव्या करंगळीला हात लावला तेव्हा म्हणाली, "हिच्यावर वेळ घालवू नका. बाकीची सरळ होतील, ही नाही होणार."

"कोणी सांगितलं?"

"दुपारी येते ना, ती बाई. तिची नाही झाली."

बरे झालेले जुने पेशंट कधीकधी धीर द्यायला येतात. त्यांतलीच कोणी असेल असं मला वाटलं. दुपारच्या सिस्टर दुर्गाबेन दाराशीच बसतात, त्यांना विचारलं.

"कोई नथी आवतुं, बेन." कोणीच येत नाही, म्हणाल्या. जंतुसंसर्गाच्या भीतीने त्या मोहनाच्या नवऱ्यालाही दुपारी आत सोडत नव्हत्या.

दुखणं मारणाऱ्या औषधांनी भास होतात. मी विषय सोडला. करंगळी सरळ झाली नाही.

मग तिच्या मानेवर मांडीची कातडी काढून लावली. पट्टी सोडायच्या आधी मोहना म्हणाली, "कानाखाली धरली नसेल." पट्टी सुटली. बाकी सगळीकडे कातडी छान गुलाबी धरली होती. कानाखाली चिंचोक्याएवढा तुकडा काळा पडून सुटला होता.

"होतं असं," डॉक्टर इंद्रनील म्हणाले.

होतं खरं. पण नेमकं कुठे होईल, हे आधी कोणाला कळत नाही.

त्यानंतर मी मुद्दाम दुपारी तिच्याजवळ बसू लागले. एसीची घरघर, मलमाचा वास. मोहना समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत असायची. मधूनच मान हलवायची, एखाद्याचं म्हणणं ऐकून घ्यावं तशी. मी उठले आणि स्टुलावर हात ठेवला. गार वॉर्डातलं ते रेक्झिन कोमट होतं.

"कशी दिसते ती?"

"आधी बघवत नव्हतं. आता पुष्कळ बरी आहे. उजवी भुवई अर्धीच उगवलीय. वरचा ओठ जरा ओढलेला. नाकपुडीशी पांढरा चट्टा राहिलाय, तांदळाच्या दाण्याएवढा."

मी मोहनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुवयांच्या जागी अजून नुसती लाल कातडी होती. पण नाकपुडीशी एक दाणा पांढरा पडू लागला होता.



भुवई उगवली. उजवी, अर्धीच.

शेवटी आरसा तिनेच मागितला. मी पर्समधला छोटा आरसा पुढे केला. ती बराच वेळ बघत राहिली.

"हीच," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं." आणि मग, "आता सानूला बोलवा."

तिचा नवरा अनीश मुलीला घेऊन आला. सानवी बापाचं बोट धरून दाराशीच थबकली. मोहनाने हलकेच हाक मारली, "सानू." आवाज ओळखीचा होता. पोर एकेक पाऊल टाकत आली, आईच्या ओढलेल्या ओठाला बोट लावलं.

"दुखतं?"

"आता नाही गं."

सानवी तिच्या मांडीवर चढून बसली. अनीशने भिंतीकडे तोंड फिरवलं. मीही फिरवलं.

घरी जायच्या दिवशी दुपारी मी तिला चेहऱ्यावर बांधायचा घट्ट कापडी मुखवटा, मालिश, व्यायाम, सगळं पुन्हा समजावत होते. ती वर बघत नव्हती.

"आता येत नसेल ना ती?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

"आत्ताच येऊन गेली."

"तुला निरोप द्यायला?"

मोहनाने नकारार्थी मान हलवली.

"आज तिचा चेहरा माझा नव्हता."

"मग कोणाचा?"

तिने हात उचलला, बोटं माझ्या कानशिलावर टेकवली आणि गालावरून सावकाश खाली जबड्यापर्यंत आणली.

"इथून इथपर्यंत," ती हळूच म्हणाली. "पण डोळा वाचतो, मालविकाताई."