पाच हात, पाच मुठी

धामणगडावर उजाडले तेव्हा खालच्या खोऱ्यातले धुके अजून हटले नव्हते, आणि साठी उलटलेले पाहणीदार त्रिंबकपंत दुखरे गुडघे सांभाळीत सदरेच्या पायऱ्या चढत होते. शेतसाऱ्याची आकारणी नव्याने व्हावी म्हणून तीन कारकिर्दींत त्यांनी तीनदा अर्ज गुदरले. तिन्ही बासनात गेले. जीव विटला होता हो! पण आज महाराज जमीनमोजणीची एकच काठी मुक्रर करणार होते, आणि आज चुकले तर रयत आणखी एक पिढी भरडली जाणार, हे पंतांना पक्के ठाऊक होते.

पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, हा जुना रिवाज. हात कोणाचा, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. काठी आखूड असली की तेच शेत मापात मोठे भरते आणि सारा वाढतो. देशमुख रायाजीराव रयतेची शेते आखूड काठीने मोजीत, स्वतःची लांब काठीने.

सदर भरली. देशमुख मुजरा करून मधाळ स्वरात म्हणाले, "महाराज, राज्य आपले, तर काठीही आपल्याच हाताची असावी."

"वाहवा!" सरदार माना डोलावू लागले.

महाराज अंगाने ठेंगणे, हात त्याहून तोकडे. आणि त्याचा उच्चार करणाऱ्याची गडावर धडगत नसे. गप्प बसावे, घरी जाऊन भाकरी खाऊन पडावे, असे पंतांना फार फार वाटले. तरी ते उठले.

"सरकार, गुस्ताखी माफ व्हावी. आपला हात चार बोटे आखूड आहे. त्या काठीने रयत मरेल."

महाराज लालबुंद झाले. म्हणाले, "मग काठी तुमच्याच हाताची होईल, पंत. पण ती घेऊन गावोगाव देशमुख फिरतील. तुम्ही आजच गड उतरा, पुन्हा तोंड दाखवू नका."

याला जिंकणे म्हणावे की हरणे? काठी खरी ठरली, पण ती धरणारा तोच! वाटेत ती बदलायला त्याला कितीसा वेळ लागणार? पंतांना रडूही आले नाही, इतके ते थकले होते.

गड उतरताच त्यांनी एक पाथरवट सोबत घेतला. प्रत्येक गावी चावडीच्या ओट्यावर आपल्या हाताने पाच हात पाच मुठी मोजायच्या आणि दोन्ही टोकांना खूण कोरून घ्यायची. "देशमुखांची काठी आधी इथे लावून बघा, बाबांनो, मगच शेतात शिरू द्या."

अकरा गावे झाली. बाराव्याच्या वाटेवर तापाने गाठले, आणि तिथेच एका आंब्याखाली पंत गेले.

त्या अकरा गावांत सारा उतरला. उरलेल्या त्र्याहत्तर गावांत देशमुख काठी घेऊन आले, आणि लोकांनी त्यांना मुकाट्याने शेते दाखवली.