खंजिराचं ढिलं कडं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढं वाचू नका, माझं डोकं आधीच फिरलंय.

मी संग्राम. कुवेतला हवल्लीत दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घडलं ते गेल्या मार्चमधल्या एका शुक्रवारी. रात्री नाही, भर दुपारी, माझ्याच घरात. प्रश्न माझ्या लेकीचा आहे म्हणून लिहितोय.

यूसुफभाई आमचे शेजारी, दापोलीकडचे. त्यांचे आजोबा जहाजावर होते. त्यांनी मलायाहून एक नागमोडी पात्याचा खंजीर आणलेला. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसणारं पितळी कडं हरवलं होतं. त्यामुळं मूठ डुगडुगायची. एक दिवस तो घेऊन ते माझ्याकडं आले.

"तू दातांना टोप्या बसवतोस. एवढंसं कडं नाही जमायचं?"

मी आधी मूठ काढून साफ करायला घेतली. लॅबची सवय.

पात्याच्या, मुठीत शिरणाऱ्या दांडीला केस गुंडाळलेले होते... जुने, चिकट.

मला किळस आली. सरळ कचऱ्यात टाकले.

यूसुफभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, त्या केसांनीच मूठ धरते. तिकडची पद्धत आहे ती."

"कुणाचे केस?"

"ते आजोबांनी कधी सांगितलं नाही."

मग माझी कटकट सुरू झाली. सुलैबियातल्या एका भंगारवाल्याकडं जुनी कडी मिळाली. तीन आणली, एक बसेल तर शपथ. शेवटी लॅबमध्ये स्वतः पितळ ओतून कडं केलं. दांडीला नळाची पांढरी टेप गुंडाळली. संध्याकाळी घट्ट बसवायचं आणि सकाळी चहा घेताना...

टक्.

कडं टेबलावर.

असं पाच वेळा. वीस वर्षांत माझी एक टोपी परत आली नाही, आणि हे कडं मला खेळवतंय? हात टेकले मी.

त्याच आठवड्यात माझी बायको रसिका म्हणाली, "बाथरूमची जाळी तुंबत नाही हल्ली."

मला बरंच वाटलं. दर शुक्रवारी ती जाळी मीच साफ करतो, शिव्या घालत.

मग तिनं कंगवा पुढं केला.

एकही केस नाही...

घरात दोघी लांब केसांच्या. उशीवर नाही, फरशीवर नाही, कुठंच नाही.

त्या शुक्रवारी जेवण करून मी टेबलापाशी गेलो.

कडं बसलेलं होतं.

मी बसवलं नव्हतं. मूठ ओढली. पक्कड लावली. हलेना.

फटीतून एक केस बाहेर आलेला... टोकाला निळा.

श्वेता, आमची लेक, बारावीत आहे. वेणीची टोकं तिनं निळी रंगवलीत, माझ्याशी भांडून.

"तू याला हात लावलास?"

"नो पप्पा. आय हेट दॅट थिंग."

खंजीर मी तासाभरात यूसुफभाईंच्या दारात नेऊन दिला. वाटलं, सुटलो एकदाचा.

काल त्यांचा फोन आला.

"संग्राम, कडं परत ढिलं झालंय रे. हलवलं की वाजतं."

मी फोन ठेवला आणि श्वेताची वेणी हातात घेतली. पूर्वी माझ्या मुठीत मावायची नाही...

आता दोन बोटांत येते.

कंगवा आजही रिकामाच होता.