अकरावी फळी

ही घडलेली गोष्ट आहे. तुम्हाला पटो न पटो, ओमप्रकाशला त्याचं काही पडलेलं नाही. तो सांगतो तेव्हा समोरच्या माणसाकडे बघतच नाही. जमिनीकडे बघतो.

अकोला, जुनं शहर. दोन हजार पंधराचा मे महिना.

आणि रात्र वगैरे काही नव्हती बरं का. भर दुपारचे तीन. पारा शेहेचाळीसवर आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

ओमप्रकाशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, हा धंदा. पण त्या सालात विहिरींनी तळ दाखवला होता. मोटार चालेल तेव्हा जळेल ना! महिनाभर दुकानात माशा मारल्या आणि हा गडी घरी बसला.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. हा जमिनीच्या मागे लागला.

त्याला कारणही तसंच होतं. त्याचे वडील, पुंजाजी. दिवाळीत त्यांना लकवा मारला. हातपाय गेले, वाचा गेली. राहिले फक्त डोळे. सून अनुपमा एका दवाखान्यात आया होती. तिनं त्यांना शिकवलं होतं, "बाबा, हो म्हनायचं असन तर डोये मिटा. नाई म्हनायचं असन तर उघडेच ठेवा." एवढंच काय ते बोलणं.

त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून दारापर्यंत न्यायचं म्हटलं, तर जुन्या शहाबादी फरशीच्या खड्ड्यात चाक अडकायचं. मान कलंडायची. म्हातारा रडायचा. ओमप्रकाशचा बापावर फार जीव. त्याला ते बघवेना.

म्हणून त्यानं त्या एकमेकींत खटकन बसणाऱ्या लाकडी फळ्या आणल्या. मोबाईलवर व्हिडिओ बघितला. फोम अंथरला, दारापासून सुरुवात केली आणि एका ओळीच्या खाचेत दुसरी ओळ बसवत खाटेपर्यंत आला. अकरा ओळी झाल्या. खाटेखाली घातल्याच नाहीत. तिथं कुठं खुर्ची फिरणार होती?

काम झकास झालं. खुर्ची लोण्यासारखी फिरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईन गेली.

कूलर थांबला. पंखा थांबला. घर एकदम गप्प झालं...

टक्.

दाराजवळची फळी वाजली.

ओमप्रकाश खाटेशी बसून बापाला वारा घालत होता. त्यानं वळून पाहिलं. दार बंद. कोणी नाही.

टक्.

ही दुसरी फळी.

मग तिसरी. मग काहीच नाही.

संध्याकाळी त्यानं अनुपमाला सांगितलं. ती हसली.

"कूलरच्या हवेनं फुगली असन. दुकानवाला म्हनत नव्हता का, वल लागू देऊ नका म्हनून? येवढं काहून भेता?"

खरं होतं ते. दुकानदार तसं म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशनं कूलर लावलाच नाही. भट्टीसारख्या खोलीत बाप-लेक घामाघूम होऊन बसले. तीन वाजता लाईन गेली.

टक्. टक्. टक्...

टक्.

आज चौथी.

त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं नीट पाहिलं. आवाज यायच्या आधी फळी दबत होती. थोडीशीच. कोणी पाय टाकल्यावर दबते तेवढी. आणि पाय उचलल्यासारखी वर येत होती.

त्यानं बापाकडे पाहिलं.

पुंजाजी त्या फळीकडे बघत नव्हते. फळीच्या वर बघत होते. माणसाचं तोंड जिथं असतं, तिथं.

"बाबा, कोनी हाय का तिथं?"

पुंजाजींनी डोळे मिटले.

"तुमी वयखता त्याले?"

डोळे मिटले.

"आई हाय का?" त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली होती.

डोळे उघडेच राहिले.

त्यानं काकाचं नाव घेतलं. आजीचं घेतलं. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होता, तिथं त्याच्या हाताखाली काम करताना मेलेल्या दोन हमालांची नावं घेतली. मेलेल्यांची नावं संपली तेव्हा जिवंतांची घेतली. पुंजाजी टक लावून बघत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत राहिलं.

नाव त्यांच्या जिभेवर असेलही. पण जीभच कामातून गेलेली.

ओमप्रकाशनं पेन्सिलनं खुणा करायला सुरुवात केली. पाचवी. सहावी. रोज एक फळी. अकरावीनंतर खाट होती, आणि खाटेवर न हलणारा बाप. तिथं पोचल्यावर काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कोणाला?

बापाला आतल्या खोलीत हलवावं तर ती स्वयंपाकाची. वर टिन. दुपारी हात लावला तर भाजायचं. तिथं म्हातारा दोन दिवसही टिकला नसता.

नववी फळी वाजली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला. अनुपमा ड्युटीवर गेलेली. त्यानं पहार घेतली.

"बाबा, आता ठेवतच नाई. बांसच नको तं बासरी कुठची!"

या फळ्या मधूनच निघत नाहीत. शेवटच्या ओळीपासूनच उघडाव्या लागतात. त्यानं खाटेजवळची अकरावी ओळ उपटली. खाचा तुटल्या तर तुटू दे. मग दहावी उपटली. मागे शहाबादी उघडी पडली.

नववीत पहार घातली आणि लाईन गेली.

तीन वाजले होते.

टक्... टक्... टक्...

दारापासून एकेक फळी दबत आली. पाचवी. सातवी. आठवी.

नववी त्याच्या गुडघ्यासमोर दबली.

तो हलला नाही. श्वाससुद्धा घेतला नाही.

पुढचा आवाज आला नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. त्याला वाटलं, थांबलं. जीव भांड्यात पडला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं... पुढे आता फळी नव्हतीच. दगड होता. दगडावर कसला आवाज येणार?

त्यानं मान वर केली. बापाचे डोळे हळूहळू सरकत होते. त्याच्या डोक्यावरून. खाटेच्या काठाकडे. मग अगदी जवळ, उशाकडे.

तिथं येऊन ते थांबले.

ओमप्रकाश वेड्यासारखा तोडलेल्या फळ्या परत बसवू लागला. निदान कळेल तरी! कुठं आहे ते कळेल! पण खाचा मोडल्या होत्या. एकही फळी दुसरीत बसेना. अनुपमा आली तेव्हा तो फळ्यांच्या ढिगात बसून हमसून हमसून रडत होता.

पुंजाजी त्यानंतर एकोणीस दिवस जगले.

आणि त्या एकोणीस दिवसांत एकच गोष्ट रोज घडली. ज्या माणसाला कूस बदलायलाही दोघं लागायचे, तो रोज दुपारी तीननंतर भिंतीला चिकटलेला सापडायचा. अंग चोरून. खाटेवर बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी.

ओमप्रकाश त्यांना उचलून मध्ये ठेवायचा. दुसरं काय करणार होता तो?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

विसाव्या दिवशी पुंजाजी खाटेच्या मधोमध सापडले. अंग थंडगार. डोळे उघडे आणि दाराकडे लागलेले.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. अनुपमानं डोळे मिटायला हात नेला. मिटेनात. तिनं तीनदा प्रयत्न केला.

मग ओमप्रकाश वाकला आणि कानाशी म्हणाला, "बाबा, गेलं का ते घरातून?"

डोळे उघडेच राहिले.