दुसरा गिअर धरून ठेवा

मानवजातीच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे चाकाचा इतिहास होय. त्यातली चार चाकं त्या सकाळी नव्या गाड्यांच्या शोरूमच्या फाटकात बंद पडली होती आणि प्रगती मागून हॉर्न वाजवत होती.

गाडी मालकाच्या वडिलांच्या तरुणपणातली. मालक दातांचा डॉक्टर. शोरूममधली विक्रेती तणतणत बाहेर आली. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग घामाघूम डॉक्टरकडे, आणि म्हणाली, "दोघांनाही जरा सावलीत घ्या."

डॉक्टर तिथेच कामातून गेला.

त्यानंतर तो नवी गाडी 'बघायला' येऊ लागला. चक्कर मारायची, डिकी उघडायची आणि तुलना करत बसायचं.

"हिला आवाजच नाही हो."

"तोच तर फायदा आहे."

"आमची आली की गल्लीला कळतं."

"गल्ली काही म्हणत नाही?"

"आई म्हणते. ही भंगारात दे, नाहीतर मला तरी दे."

ती हसायची नाही. फक्त हातातलं माहितीपत्रक उलटं धरायची...

एका शनिवारी मात्र ती पर्स घेऊनच बाहेर आली. "सोमवारपासून माझी बदली आहे, घाटापलीकडच्या शोरूमला. त्याआधी तुमचा निकाल लावायचाय. आज मी तुमच्या गाडीत बसते. टेकडीवर न्या. मग घेणार की नाही, सरळ सांगायचं."

दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाचं तोंड उघडेना.

चढ लागला. काचेवर भुरभुर पाऊस. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घरघरली आणि दांडा खटकन निसटला.

"धरा," तो म्हणाला.

"काय?"

"दांडा. दुसऱ्यात टिकत नाही ही. कुणीतरी दाबून धरावा लागतो."

"आणि एकटे असता तेव्हा?"

"तेव्हा चढावर येत नाही."

तिने दांडा घट्ट धरला. गाडी तेवढी बोलत होती.

"नवीत गिअर आपोआप पडतात," ती सवयीने म्हणाली.

"ठाऊक आहे. मला ती कधीच घ्यायची नव्हती. मी तुमच्यासाठी—"

"इतक्यांदा डिकी बघणारा माणूस गाडी घेत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून. आता मात्र माझ्याकडे रविवारच उरलाय."

"मी तिकडे येत जाईन... पण मध्ये घाट आहे. एकट्याने जमायचं नाही. लग्न कराल माझ्याशी?"

ती समोर बघत राहिली. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"करीन. बदली मात्र रद्द करणार नाही. तुमच्या गाडीला जमत नसेल, तर दर रविवारी मी येईन, नवीने."

"चालेल."

"आणि डॉक्टर..."

"हं?"

"रस्ता केव्हाचा सपाट झालाय. आता तिसरा टाका. हात बधिर झालाय माझा."