सवलतीत नसलेला बारावा भाग

"थांबा... पान नका पलटू एवढ्यात."

हे मी बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की टॅब माझा नाही, आणि शेजारी बसलेल्या माणसाला मी जन्मात कधी पाहिलेलं नाही. डिसेंबरातली सकाळ, साडेनऊची नेर-यवतमाळ एसटी. खिडकीची काच लागत नव्हती म्हणून मी अंग चोरून बसले होते, आणि डोळे मात्र शेजारच्या टॅबवर. तिथे केप घातलेला एक महावीर पुलाखाली अडकला होता आणि पूल कोसळायच्या बेतात होता. तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण पान पलटू देईल?

त्याने माझ्याकडे पाहिलं. सावळा, दोन दिवसांची दाढी, आणि स्वेटरवर जागोजागी कापसाचे पांढरे तंतू.

"तुमी वाचून राह्यल्या?"

"मग काय, बाहेर पाहू? तुरीचं शेत रोज तेच असते."

तो हसला नाही, पण टॅब जरासा माझ्याकडे सरकवला. मग प्रत्येक पानावर तो थांबायचा, माझ्याकडे पाहायचा, आणि मी मान हलवली की पलटवायचा. बावीस पानं आम्ही अशी वाचली. पूल कोसळला, महावीर दिसेनासा झाला, आणि कॉमिक्स संपलं.

"पुढचा भाग काढा ना."

"नाही माझ्याकडं."

"काहून?"

"सेलमध्ये एवढाच होता."

मी त्याची लायब्ररी पाहायला मागितली. महावीरांची, भुतांची, चेटकिणींची मिळून चारशे डिजिटल कॉमिक्स होती, आणि चारशेच्या चारशे पहिले भाग. नव्वद टक्के सूट, ऐंशी टक्के सूट, शेवटचे तीन तास... पठ्ठ्याने एकही सेल सोडला नव्हता.

"अहो, चारशे गोष्टी सुरू केल्या तुमी. संपली एकही नाही?"

"लय स्वस्त होत्या," तो ओशाळून म्हणाला.

आता या विषयात माझा कोणी हात धरू शकत नाही, हे नम्रपणे सांगते. यवतमाळच्या दत्त चौकातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि जाता-येता रक्तपिपासूंच्या गोष्टी वाचते. माझे बाबा, सदाशिवराव, तहसीलमधून निवृत्त झाले, आणि लहानपणी मी ताप काढत पडले की कॉमिक्स आणून देणारे तेच. तेव्हा मी त्या अनोळखी माणसाला भर एसटीत शिकवायला घेतलं. ढीग पाहायचा नाही, संच पुरा आहे का ते पाहायचं. कधीकधी सुटे अंक आणि त्याच अंकांचं एकत्र पुस्तक, दोन्ही एका ढिगात टाकून आकडा फुगवतात. फाईल आपल्याकडे उतरवून घेता येते का, तेही आधी पाहायचं. आणि शेवट नसलेला संच फुकट दिला तरी घ्यायचा नाही.

इतक्यात कंडक्टर आला. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट, तसं मी घेतलं.

"तुमचं तर तिकीटही सेलमधलं आहे," तो हळूच म्हणाला.

"पण प्रवास पुरा आहे. यवतमाळपर्यंत."

यावर मात्र तो हसला. हसला की त्याचा एक डोळा जास्त बारीक होतो, हे मी त्याच दिवशी पाहून ठेवलं. कशाला, ते विचारू नका.

त्याचं नाव अवधूत. घरची कापसाची आणि तुरीची शेती, गाव केळापूरच्या पलीकडे. यवतमाळच्या अलीकडे रस्त्यावर सरकी काढायची जी जिनिंग गिरणी आहे, तिथे तो ग्रेडर होता आणि नेरला मामाकडे राहायचा. कापसाची गाडी आली की चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळू ओढायचा आणि धागा किती लांब, ओल किती, कचरा किती, सांगून मोकळा व्हायचा. एवढा पारखी माणूस, आणि कॉमिक्स घेताना अगदीच बह्याड.

"किती दिवस आहे इथं?" मी सहज विचारलं होतं.

"होळीपर्यंत. मग जिनिंग बंद होते. मी गावी. पुढच्या सीझनले कोणत्या जिनिंगमध्ये, काही सांगता येत नाही."

तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बरं, खोटं कशाला बोलू... थोडं वाटलं.

संध्याकाळच्या बसला तो जिनिंगच्या थांब्यावर चढायचा तो पार पांढरा होऊन. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. गोष्टींमध्ये अशा वेळी पाऊस येतो. आमच्याकडे रुईचे कण उडत होते आणि उघड्या खिडकीतून माझ्या ओढणीवर बसत होते. एकदा त्याच्या पापणीवर एक तंतू अडकला होता. मी दोन बोटांनी काढला. तो काढताना त्याने डोळा मिटला नाही, माझ्याकडेच पाहत राहिला.

"किती लांब आहे धागा?" त्याने विचारलं.

"मले काय कळते त्यातलं?"

"शिकवतो. फुकट... पुरा संच."

त्या दिवसापासून 'तुमी' गळून पडलं.

संक्रांतीला मोठा सेल लागला. एका शापित रेल्वे स्टेशनची भुताटकीची गोष्ट, बारा भागांची, मी दोन वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होते. अकरा भाग सवलतीत होते. बारावा नव्हता.

"नाही घ्यायचा," मी म्हटलं. "शेवट नाही."

"बारावा पुढच्या सेलमध्ये येईल ना. आपून दोघं मिळून घेऊ. एकच खातं, तुझ्या मेलवर. तुझा मोबाईल, माझा टॅब. एका पुस्तकाचे दोनदा पैसे कायले?"

तो 'आपून दोघं' असं काही म्हणाला, की माझा नियम मीच मोडला. फक्त एक अट घातली. दोघांपैकी कोणी एकट्याने पुढे जायचं नाही.

त्याने माझा नंबर मागितला नव्हता आणि मी दिला नव्हता. नेर केवढंसं, लोकांच्या जिभा केवढ्या... पण खातं एक असलं की ॲप चहाडी करतं. मी उघडलं की ते विचारायचं, दुसरीकडे तुम्ही पान एकतीसवर आहात, तिथे जायचं का? म्हणजे तो एकतीसवर थांबून माझी वाट पाहत असायचा. पानाला खूण करून तिला चारपाच शब्दांचं नाव देता यायचं. मग काय. त्याची खूण, "इथं मी घाबरलो." माझी, "भित्रा." त्याची, "भूत आपल्या कंडक्टरवानी दिसते." ही मी लॅबमध्ये वाचली आणि हातात सुई असताना अशी हसले, की पेशंटने हातच मागे घेतला.

मला तो आवडायला लागला होता. होळी जवळ येत होती आणि तो काही बोलत नव्हता. मीही बोलत नव्हते, पण सुरुवात त्यानेच करावी असं मला वाटत होतं, आणि का वाटू नये?

फेब्रुवारीत तो तूर काढायला आठ दिवस गावी गेला. नवव्या भागात पान बारावर आम्ही थांबलो होतो. चौथ्या दिवशी ॲप म्हणालं, तुम्ही अकराव्या भागात पान साठवर आहात. संध्याकाळी म्हणालं, अकराव्याचं शेवटचं पान.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकच अट होती, तीसुद्धा त्याने पाळली नाही. जाणारच आहे तर एकट्याने संपवून जाऊ, असंच ना? मी तिथे खूण केली, "वाच एकट्यानं." आणि ॲप काढून टाकलं.

तो परत आला तेव्हा मी आठची बस पकडू लागले होते. संध्याकाळी तर शेवटच्या सीटवर पुस्तकात डोकं घालून बसायची. एकदा तो गर्दीतून माझ्यापर्यंत आला.

"केतकी, ऐक ना..."

"माझं वाचणं चाललं आहे."

पुस्तक उलटं नव्हतं एवढंच नशीब. असं वागायला नको होतं, पण वागले. रुसव्यात दोन आठवडे गेले, आणि होळी चार दिवसांवर आली.

मग एका दुपारी, लॅबमध्ये डबा उघडला आणि मोबाईलवर मेल आला. खातं माझ्या नावाचं, म्हणून पावती माझ्याकडे. खरेदीबद्दल आभार. भाग बारावा. सवलत शून्य.

मी ती ओळ तीनदा वाचली. चारशे कॉमिक्स घेतली त्या माणसाने, एकही पुऱ्या किमतीत नाही. पोळीचा घास तसाच ठेवून मी ॲप परत घेतलं आणि बारावा भाग उघडला. पानोपान खुणा होत्या. मी चित्रांवर तळहात ठेवला आणि नुसत्या खुणा वाचत गेले.

पान एक. "पुढं मी नाही गेलो."

पान दोन. "मी तुरीत, टॅब घरी."

पान तीन. "आईनं चित्रं पाह्यली. सारी."

पान चार. "तिले भूत लय आवडलं."

पान पाच. "डोळे मिटून खुणा करून राह्यलो."

पान सहा. "सेलची वाट नाही पाह्यली."

पान सात. "तू मले आवडते."

पान आठ. "उद्या शेवटचा दिवस. साडेनऊची बस."

डबा मी तसाच बंद केला. त्या दुपारी मला भूक नव्हती, आणि रक्त द्यायला आलेल्या एका आजींनी मला विचारलं, बाई, रडते काहून व? मी म्हटलं, स्पिरिटचा वास झोंबते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या बसमध्ये चढले. तिसऱ्या बाकावर खिडकीशी तो होता आणि शेजारच्या जागेवर त्याने तोंड पुसायची दस्ती टाकून ठेवली होती. मी दस्ती उचलली, घडी केली आणि बसले.

"पुऱ्या किमतीत घेतला?" मी विचारलं.

"हाव."

"पाडव्याले सेल लागते. चाळीस टक्के तरी सुटले असते."

"पाडव्याले मी इथं नसतो ना," तो म्हणाला. "आणि शेवट नसलेला संच... तूच म्हणत होती."

मी बाहेर पाहिलं. तुरी निघाल्या होत्या, नुसती धसकटं उरली होती.

"मालकाले सांगून टाकलं," तो म्हणाला. "पुढच्या सीझनले मी इथंच. दिवाळी झाली की येतो."

"आणि मधले सातआठ महिने?"

"केळापूरकडून यवतमाळले एसटी येते. दर रविवारी येईन. माझं तिकीट पुरं लागते... पण चालते."

आता मात्र मी त्याच्याकडे वळले. "अवधूत, मलेही तू आवडतो. कधीपासून, ते विचारू नको. आणि तुझ्या आईवर मी उगाच रागावले, तिले सांग."

"तिनं एक विचारलं आहे. थे भूत शेवटी मरते का?"

"तू नको सांगू. मी घरी येऊन सांगते म्हणाव."

त्याचा एक डोळा बारीक झाला. कंडक्टर आला, तेव्हा त्याने एक पुरं आणि एक अर्धं अशी दोन तिकिटं घेतली, दोन्ही यवतमाळची. मी पाहत राहिले.

"जिनिंग तर आधी येते."

"आज नुसता पगाराचा हिशेब न्यायचा आहे. दुपारी नेतो."

त्याने टॅब काढला आणि आम्हा दोघांच्या मध्ये धरला. बारावा भाग, पहिलं पान. पडकं स्टेशन, धुकं, आणि दूरवर एक कंदील. जिनिंगचा थांबा आला. कंडक्टरने दोनदा ओरडून विचारलं, कोणी उठलं नाही, आणि बस पुढे निघाली.

"पलटू?" अवधूतने विचारलं.

मी मान हलवली.