मागच्या सीटवरचं वजन

धुकं इतकं दाट होतं, की बॅगांच्या दुकानाची पाटी वाचायला तिला मोटारसायकल थेट पायरीपाशी न्यावी लागली. पाठीवरच्या सॅकचा पट्टा तुटून लोंबत होता आणि आत काहीतरी खळखळत होतं.

"फुटलं का काही?" शिलाई मशीनमागून आवाज आला.

"दात," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "सहा जणांचे."

मशीन थांबलं.

कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती. सकाळी दवाखान्यांतून रुग्णांच्या दातांचे प्लास्टरचे साचे गोळा करायचे आणि मोटारसायकलवरून पुलापलीकडच्या लॅबमध्ये न्यायचे, हा तिचा रोजचा शिरस्ता. तिची ताई तर म्हणायचीच, "लोक जीव मुठीत धरून गाडी चालवतात, आमची बाई जबडे पाठीवर घेऊन!"

बॅगवाला उठून पुढे आला. सडसडीत, ओठांत दोरा, आणि डोळे असे, की समोर बघतानाही कुठेतरी लांब बघत असावेत.

"पाठीवर नकोच," तो म्हणाला. "खड्डा आला की सगळा दणका साच्यांना. तुमची पाठ जाते ती वेगळीच. मागच्या सीटवर बांधायची बॅग घ्या. तळ कडक, आत मऊ कप्पे... बसता कशा तुम्ही? ताठ, की पुढे झुकून?"

"हे बॅगेसाठीच विचारताय ना?"

"सुरुवात... बॅगेपासूनच करतो मी," तो बोलून गेला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

तिला हसू आलं. सहा जबडे फुटल्याचं दुःख अर्ध्यावर आलं.

"मापाची शिवायला आठ दिवस लागतील," तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने खुंटीवरची काळपट हिरवी बॅग काढली. "तोवर ही न्या. फक्त... काही वेगळं वाटलं तर लगेच परत आणा. आधी तिघांनी आणली."

"उसवली?"

"नाही. म्हणाले, मागे कोणीतरी बसतं."

"बसेल त्याच्याकडून भाडं घेईन मी," ती म्हणाली आणि बॅग घेऊन निघाली.

पहिल्याच वळणावर बॅग झुकली. घसरली नाही, झुकली... गाडीवर मागे बसायची सवय असलेलं माणूस वळणाबरोबर कसं अलगद कलतं, अगदी तशी. तिने गाडी थांबवून पट्टे ओढून पाहिले. घट्ट होते. साचे मात्र एकूण एक शाबूत पोचले.

तिसऱ्या दिवशी बोचऱ्या थंडीत तिची पाठ उबदार होती. आरशात पाहिलं, तर नुसतं धुकं.

चौथ्या दिवशी लॅबचे वॉचमनकाका फाटक उघडता उघडता म्हणाले, "मावशींना कुठे सोडलंस? वळणावर तर होत्या की मागे."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तरीही बॅग परत करावीशी वाटेना. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मागे कोणीतरी आपल्याला जपून बसलंय, असं काहीतरी.

सहाव्या दिवशी, ऐन पुलावर, तिच्या उजव्या खांद्यावर कोणीतरी थोपटलं. एकदा... पुन्हा एकदा. तिने करकचून ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी धुक्यातून एक ट्रक, दिवे बंद, चुकीच्या बाजूने, तिच्या हँडलला वारा लावत निघून गेला.

ती तशीच माघारी फिरली. थेट दुकानात शिरली. तिने सगळं सांगितलं. बॅगवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"उजव्या खांद्यावर? दोनदा?"

"हो."

तो मटकन स्टुलावर बसला. "आई थोपटायची तशी. 'थांब रे' म्हणायच्या ऐवजी. त्या दिवशीही थोपटलं होतं तिने, त्याच पुलावर. तिला चक्कर येत होती. मला उशीर होत होता... मी थांबलो नाही. ती मागून पडली, आणि गेलीच." त्याने बॅगेच्या तळावरून हात फिरवला. "गाडी विकली. मागच्या सीटचं कव्हर तेवढं ठेवलं, ते इथे शिवलंय. वर्षभर दुसऱ्या गाडीवर ही बॅग बांधून मी फिरलो. माझ्यामागे एकदाही बसली नाही ती. रागावली असणार."

"रागावलेली बाई परक्या मुलीचा जीव वाचवत बसेल?" ती हळूच म्हणाली.

मान खाली घालूनच तो म्हणाला, "अजून एक सांगायचंय. तुम्हाला चालेल अशी बॅग त्या दिवशीही तयार होती. टेबलाखाली. पण ही नेलेला प्रत्येक जण परत येतो... म्हणून दिली."

"म्हणजे मी परत यावं म्हणून तुम्ही माझ्यामागे भूत बसवलंत?"

"...हो."

रागवावं की हसावं, तिला कळेना. "चला," शेवटी ती म्हणाली. "आज मागे तुम्ही बसा."

दोघांच्या मधे बॅग ठेवून ते निघाले. पूल धुक्यात बुडालेला, ना काठ दिसत होता ना पाणी. मध्यावर येताच गाडी जड झाली. इंजिन धापा टाकू लागलं. तिने आरसा मुद्दाम बाहेर वळवला. काही भेटी आपण पाहायच्या नसतात.

मागून तो पुटपुटत होता. तिला एकच शब्द कळला... आई. आणि तिच्या पाठीशी ती ओळखीची ऊब.

पूल संपता संपता गाडी एकदम हलकी झाली, इतकी, की उसळलीच. तिने ती कडेला घेतली. तो रडत होता, आणि चेहऱ्यावर कसलातरी निवांतपणा होता.

"केसांवरून हात फिरवला तिने," तो म्हणाला. "गेली. आता नाही यायची."

गार वारा सुटला. तिने उगाचच हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"तुमच्यामागे आता कोणीच नाही," तो म्हणाला. "एकट्याच जाल रोज..."

"एकटी कशी?" ती म्हणाली. "आहेस की तू."